चेक बेळगावात परतला, मग कोर्ट पणजीचं कशाला?

प्रश्न : वकीलसाहेब, मी बेळगावचा. नोकरी सोडून पूर्णवेळ जॅझ ड्रमर झालो. माझा चौघांचा बँड आहे. पियानोवाला इथलाच, बेसवाला धारवाडचा, सॅक्सोफोनवाला मडगावचा. पणजीच्या एका इव्हेंट कंपनीनं एका रिसॉर्टवर तीन रात्रींची सुपारी दिली, रात्रीला ६०,००० रुपये. दोन पानी करार झाला, ६०,००० आगाऊ मिळाले. दोन रात्री वाजवल्या. दुसऱ्या रात्री दहानंतर पोलीस आले, म्हणून तिसरा कार्यक्रम ऐन दुपारी रद्द केला. राहिलेल्या पैशांतून टीडीएसचे १२,००० कापून ४८,००० चा चेक दिला. तो मी बेळगावच्या खात्यात भरला, शिल्लक नाही म्हणून परत आला. बँकेचा परतीचा मेमो येऊन १८ दिवस झाले. कंपनी म्हणते, करारात पणजी कोर्ट लिहिलंय, तिकडे या. तुमच्याकडे जीएसटी नंबर नाही. वर्षभर त्या रिसॉर्टशी थेट व्यवहार केलात तर दावा लावू. रिसॉर्टनं माझ्या सोलोचा व्हिडिओ जाहिरातीला वापरलाय. इकडे बेस आणि सॅक्सवाले माझ्याकडे पैसे मागतायत. त्यांना काय सांगू?

उत्तर : आधी चेकचं बघा, बाकी सगळं थांबू शकतं. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली, चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. तुम्ही लिहिलंत तेव्हा बारा दिवस उरले होते, आता त्याहून कमी. मेमोच्या आधी बँकेचा एसएमएस आला असेल तर तिथूनच दिवस मोजा, उगाच वादाला जागा नको. नोटिशीची ही मुदत कोर्टही वाढवून देत नाही. नोटीस मिळाल्यापासून कंपनीला पैसे द्यायला १५ दिवस, आणि ते सरले की तुम्हाला तक्रार दाखल करायला एक महिना. त्या महिन्यात उशीर झालाच, तर सबळ कारण दाखवून माफ होऊ शकतो.

नोटिशीत मागणी नेमकी ४८,००० ची करा. तिसऱ्या रात्रीचे पैसे, व्याज, मनस्ताप हे सगळं त्याच रकमेत मिसळून 'एकूण इतके द्या' असं लिहिलं की समोरचा वकील तेवढ्याच मुद्द्यावर नोटीस उडवायला बघतो. बाकीची मागणी वेगळ्या नोटिशीत करा. पत्ता कंपनीचा आणि चेकवर सही करणाऱ्या संचालकाचाही घाला, कारण तक्रारीत कंपनीलाही आरोपी करावं लागतं, नुसत्या संचालकाला करून भागत नाही. स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोचल्याचा पुरावा जपा.

आता पणजीचं. करारातलं ते कलम दिवाणी दाव्याला लागू पडतं, चेकच्या फौजदारी तक्रारीला नाही. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, खात्यात भरलेल्या चेकची तक्रार ज्याला पैसे यायचे त्याचं खातं ज्या शाखेत आहे, तिथल्या कोर्टात चालते. तुमचं खातं बेळगावचं, म्हणजे तक्रार बेळगावातच. तारखेला चोर्ला घाट कंपनीच्या माणसांनी चढावा. गुन्हा शाबित झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अशी प्रकरणं बहुतेक वेळा तडजोडीवरच मिटतात, आणि तुम्हालाही पैसेच हवे आहेत, त्यांचा तुरुंग नको. नोटिशीचे ३० दिवस हुकलेच, तर चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत तो पुन्हा भरा. पुन्हा परतला तर नव्यानं नोटीस देता येते.

त्या १२,००० चंही बघून घ्या. आयकराच्या संकेतस्थळावर तुमचा फॉर्म २६एएस, म्हणजे तुमच्या नावावर भरलेल्या कराचा उतारा, उघडा. कंपनीनं टीडीएस खरंच भरला असेल तर तुमच्या पॅनसमोर १,२०,००० रुपये फी दिल्याची नोंद दिसेल, आणि ती त्यांचीच कबुली ठरते. नोंद नसेल तर टीडीएस म्हणून कापलेले पैसे त्यांच्याच खिशात आहेत, तसं दुसऱ्या नोटिशीत मागा. जीएसटीची सबब मात्र पोकळ आहे. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या सेवा देणाऱ्याला नोंदणीची सक्ती नाही, परराज्यात वाजवलं तरीही नाही. (शास्त्रीय आणि लोकसंगीताच्या कलावंतांना दीड लाखापर्यंतच्या मानधनावर जी वेगळी माफी आहे, ती जॅझला मिळत नाही. पुढं धंदा वाढला की हे लक्षात असू द्या.)

तिसऱ्या रात्रीचा मुद्दा जास्त किचकट आहे, आणि इथं तुमचीही एक गैरसमजूत दूर करायची आहे. तुम्ही सोबत पाठवलेल्या व्हॉट्सॲप संदेशांत एके ठिकाणी कंपनीला लिहिलंय, 'आपण स्पीकर बंद करू, ड्रम तर विनामाईक वाजतात.' ध्वनिप्रदूषण नियम २००० चे आहेत. २०१० च्या दुरुस्तीनं त्यात ध्वनिक्षेपकाबरोबर वाद्यंही आली. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्नेअरवर (छोट्या ड्रमवर) ब्रश फिरवला तरी तो नियमात येतो. बंदिस्त सभागृहाला सूट आहे, रिसॉर्टच्या हिरवळीला नाही. म्हणून 'पोलिसांनी विनाकारण थांबवलं' असं तुमच्या बाजूनं कुठंही लिहू नका.

पण साडेनऊ ते साडेअकरा ही वेळ कोणी ठरवली? तुम्ही पाठवलेल्या कराराच्या पहिल्या पानावर ती कंपनीनंच छापलीय, आणि परवानग्यांची जबाबदारीही 'आयोजकाची' म्हटलंय. कायदा जुना, सगळ्यांना माहीत. मग कराराच्या दिवशीच ठाऊक असलेली अडचण 'अचानक काम अशक्य झालं' म्हणून पुढं करता येत नाही. वेळ आठची करता आली असती, हॉलमध्ये वाजवता आलं असतं. भारतीय करार कायद्याच्या कलम ७३ खाली नुकसानभरपाई मागा. ती मात्र खऱ्या नुकसानीइतकीच मिळते. त्या रात्री तुम्ही दुसरीकडे कुठं वाजवलं असेल तर तेवढे वजा होतील. हा दिवाणी दावा पणजीलाच लावावा लागेल, मुदत तीन वर्षं. ६०,००० साठी तिथं वकील लावून दोन-चार वर्षं हेलपाटे घालावेत का? माझ्या मते नाही. चेकच्या तडजोडीतच हे पैसे ओढून घ्या.

साथीदारांबद्दल मी जे सांगणार आहे, ते ऐकायला तुम्हाला आवडणार नाही. अमेरिकन ड्रमर आर्ट ब्लेकी ड्रमवर बसून जॅझ मेसेंजर्स हा आपला बँड चालवायचा, हे तुम्हाला मी सांगायला नको. तसा बँडचा प्रमुख झालात की कायदा तुम्हाला ड्रमर म्हणून नाही, कंत्राटदार म्हणून बघतो. बेसवाल्याचा आणि सॅक्सवाल्याचा कंपनीशी काही करार नाही, त्यांना तुम्ही बोलावलं. 'कंपनीनं दिले तरच देईन' असं आधी ठरलं नसेल, तर वाजवलेल्या दोन रात्रींचं त्यांचं देणं आज तुमच्या डोक्यावर आहे, चेक वटो न वटो. सॅक्सवाल्यानं तुमच्यासाठी दुसरी सुपारी सोडली असेल तर तिसऱ्या रात्रीचेही काही पैसे तो मागू शकतो. दोन रात्रींचे हप्त्यानं का होईना फेडून टाका. तिसऱ्या रात्रीवर अर्ध्यात मिटवा आणि दोन ओळी लिहून सह्या घ्या. जमलंच नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाव्याआधीच्या लोकअदालतीत विषय नेता येतो, तिथं कोर्ट फी लागत नाही. मडगावचा सॅक्सवाला एकदा दुखावला तर गोव्यात पुढचा बँड कोणाला घेऊन उभा करणार?

वर्षभराच्या बंदीला घाबरू नका. करार संपल्यावर धंदा करायला रोखणारी अट करार कायद्याच्या कलम २७ नुसार रद्दबातल ठरते. झहीर खानच्या प्रकरणात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच तत्त्व त्याच्या व्यवस्थापन कंपनीविरुद्ध लावलं होतं.

व्हिडिओबाबत आधी कराराचं दुसरं पान वाचा. प्रसिद्धीसाठी चित्रीकरणाला लेखी संमती दिली असेल तर विषय संपला. नसेल तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ए खाली, म्हणजे सादरकर्त्याच्या हक्कानं, तो काढायला किंवा मोबदला द्यायला सांगता येतं. चेकचे पैसे हाती येईपर्यंत मात्र रिसॉर्टला दुखवू नका, कंपनीवर दबाव आणायला तेच उपयोगी पडेल.

पुढच्या सुपारीआधी उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, करून घ्या, फुकट होते. लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांपलीकडे अडवले तर बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं, आणि तक्रार लघुउद्योगांची थकबाकी बघणाऱ्या तुमच्या राज्यातल्या परिषदेकडे करता येते, समोरचा कुठलाही असो. या जुन्या व्यवहाराला ती लागू होईल असं धरून चालू नका. २०२१ च्या निकालानुसार नोंदणी आधीची हवी.

वकिलाकडे जाताना मूळ चेक, परतीचा मेमो, कराराची प्रत आणि ते संदेश ज्यात आहेत तोच मोबाइल न्या. व्हॉट्सॲपचे नुसते स्क्रीनशॉट चालत नाहीत, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. तोवर हँडसेट बदलू नका, चॅट पुसू नका. आणि मराठी संदेशांचं भाषांतर आतापासूनच करायला घ्या, आपल्या कोर्टात ते मागतात.