वाचकांचे प्रश्न : बूममध्ये गुंडाळले जाणारे मुख्य शीड

प्रश्न : आमच्या ४० फुटी नौकेचे मुख्य शीड बूमच्या (शिडाच्या तळाशी असलेल्या आडव्या, पोकळ खांबाच्या) आतल्या दांड्यावर गुंडाळले जाते. दुपारचा पश्चिमेचा वारा वाढल्यावर शीड कमी करताना त्याची डोलकाठीकडची कड पुढे सरकत येऊन फीडरपाशी (ही कड डोलकाठीच्या खाचेत नेणाऱ्या तोंडापाशी) अडकते आणि तेथील कापड विरू लागले आहे. अधिक ताकदीची इलेक्ट्रिक विंच (दोर ओढणारे यंत्र) बसवावी का? – एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई

उत्तर : विंच बदलू नये. शीड अडकते तेव्हा हाताला जो अडथळा लगेच जाणवला असता, तो मोटर झाकून टाकते आणि अडकलेली कड फाटेपर्यंत ओढत राहते. ताकद वाढवली तर कापड फक्त लवकर फाटेल.

तुम्ही लिहिलेले लक्षण बूम खाली झुकल्याचे आहे. शिडाचे वेढे एकावर एक सरळ बसण्यासाठी बूम आणि डोलकाठी यांमधला कोन ठरलेला असावा लागतो. काही संचांत तो सुमारे ८७ अंश असतो, परंतु तुमच्या संचाच्या पुस्तिकेत दिलेला आकडाच प्रमाण मानावा. बूमचे मागचे टोक खाली गेले की कड पुढे सरकते आणि वर गेले की मागे. म्हणून कडक व्हँगने (बूमला खालून तिरका आधार देणाऱ्या नळीने) बूम योग्य उंचीवर धरावे, त्या जागी व्हँगवर ठळक खूण करावी आणि गुंडाळण्यापूर्वी बूमला खाली ओढणारा मेनशीटचा दोर सैल सोडावा. बॅकस्टे (डोलकाठीला मागून धरणारी तार) फार ताणून डोलकाठी वाकवलेली असेल, तर हाच कोन बिघडतो, हेही तपासावे.

गुंडाळताना नाळ (नौकेचे पुढचे टोक) वाऱ्याच्या दिशेजवळ आणून शीड नुसते फडफडत ठेवावे. गुंडाळी चालू असताना हॅलयार्ड (शीड वर चढवणारा दोर) कधीही मोकळे सोडू नये. विंचवर वेढा ठेवून, थोडा ताण राखत ते द्यावे, म्हणजे गुंडाळी घट्ट बसते. एकाने बटणाशी राहावे आणि दुसऱ्याने, बोटे दूर ठेवून, फीडरकडे पाहत राहावे. मोटरचा आवाज जड झाला की तत्काळ थांबून काही वेढे उलटे सोडावेत. अगदीच अडकले, तर हॅलयार्ड सोडून शीड नेहमीसारखे खाली उतरवून बांधता येते. डोलकाठीच्या आत गुंडाळल्या जाणाऱ्या शिडांना ही सोय नसते आणि ती मला फार मोलाची वाटते.

आता मजबुतीविषयी. शीड कमी केलेले असताना कडेवरचा ताण फीडरपाशी एकवटतो, म्हणून शीड शिवणाऱ्याकडून नेमक्या त्या जागांवर चिवट पण पातळ कापडाचा जादा थर लावून घ्यावा, कारण जाड थरामुळे गुंडाळी पुढच्या बाजूला फुगते आणि मूळ दोष परत येतो. शीड कमी करताना आडवी बॅटन (शिडात बसवलेली ताठ पट्टी) दांड्यावर बसेल तेथेच थांबावे, म्हणजे ताण शिडाच्या पूर्ण रुंदीवर पसरतो. बूमला स्वतःहून नवी भोके पाडू नयेत. वरून उघडे असलेले बूम त्यामुळे कमकुवत होते. ॲल्युमिनियममध्ये बसलेल्या स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूंना गंजरोधक लेप असावा, नाहीतर खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम खाल्ले जाते. ठाणे खाडीचा गाळ फीडरच्या खाचेत वाळून बसतो, तो गोड्या पाण्याने धुवावा, आणि पावसाळ्यात शीड काढूनच ठेवावे.

दांडा आणि डोलकाठी यांना जोडणारा सांधा हाताने हलवून पाहावा. पिनेत खेळ जाणवला, तर ती बदलेपर्यंत मांडव्याच्या बाहेर, खुल्या समुद्रात, शीड उघडू नये.