नवीन आवृत्ती आली, आता चालू कॅम्पेनचं काय?

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही सांगलीचे पाच जण, कॉलेजपासून डी अँड डी खेळतोय, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकत मिळून गोष्ट रचायचा खेळ, पाचवी आवृत्ती, २०१४ ची पुस्तकं. डीएम मी, म्हणजे गोष्ट सांगणारा, बाकीचे त्यातली पात्रं. आमचं जग सगळं कृष्णाकाठावरून घेतलेलं आहे, पहिलं डंजन, म्हणजे धोक्यांनी भरलेलं भुयार, तर मी हरिपूरच्या हळदीच्या पेवांवरून बनवलं होतं, जमिनीखाली एकाला एक जोडलेली पेवं आणि तळाशी कोणीतरी जागं. तर झालं असं की पुण्याला नोकरी करणारा आमचा एक मित्र सुट्टीत येताना २०२४ चं नवीन प्लेअर्स हँडबुक घेऊन आला आणि तेव्हापासून खेळायला बसलं की आधी भांडण. त्याला सगळं नवीन पाहिजे. पॅलाडिनवाली, म्हणजे धर्मयोद्धा खेळणारी, म्हणते माझ्या स्माइटची, त्या जोरदार दैवी वाराची, वाट लावलीय, मी शीट (पात्राचा कागद) बदलणार नाही. एकाचं कॅरेक्टर हाफ-एल्फ या प्रजातीचं आहे, ती नवीन पुस्तकात नाहीच. मला स्वतःला फायटरचे (लढवय्याचे) नियम लई आवडलेत, पण एवढं उभं केलेलं जग मोडंल का काय अशी धास्ती वाटते, आणि ज्या कंपनीनं २०२३ ला लायसनचा घोळ घातला तिलाच परत पैसे द्यायचे का हे पण आहेच. काय करू?
— एक डीएम, विश्रामबाग, सांगली

उत्तर : पेवातलं डंजन! हे मला इतकं आवडलं की विचारू नकोस. हरिपूरची पेवं ज्यानं बघितलीत त्याला तो खालचा अंधार आणि हळदीचा वास वेगळा सांगावा लागत नाही, हे कुठल्याही छापील पुस्तकात मिळायचं नाही, आणि म्हणूनच आधी उत्तर देते, कारणं मागनं : चालू कॅम्पेन, म्हणजे तुमची सध्याची सलग गोष्ट, २०१४ वरच संपव. नवीन आवृत्तीवर पुढचं कॅम्पेन नव्या कॅरेक्टरांनी सुरू करा. मधल्या काळात नव्यातले जे नियम पाचही जणांना पटतील तेवढेच घ्या.

आता पॅलाडिनवालीचं ऐक, कारण तिचं म्हणणं खरं आहे आणि तिला "सवय होईल" असं म्हणून गप्प बसवू नका. जुन्या नियमात वार बसला की मग ठरवायचं, स्माइट टाकायचा का नाही, स्पेल स्लॉट, म्हणजे मंत्रांचा मोजका साठा, खर्च करायचा आणि जादा डॅमेज (इजा), त्याला कुठली ॲक्शन लागत नव्हती, एका टर्नमध्ये दोन वार बसले तर दोन्हीवर टाकता यायचा, शत्रू पळताना जो फुकटचा वार मिळतो त्यावर पण. नवीन पुस्तकात डिव्हाइन स्माइट हा स्पेल (मंत्र) झालाय आणि त्याला बोनस ॲक्शन, टर्नमधली एकच छोटी जादा कृती, लागते, म्हणजे टर्नमध्ये एकदाच, तोही आपल्याच टर्नमध्ये, आणि स्पेल असल्यामुळं समोरचा जादूगार काउंटरस्पेल टाकून तो अडवू पण शकतो. बदल्यात लाँग रेस्टमागं, म्हणजे रात्रभरच्या विश्रांतीमागं, एक स्माइट फुकट मिळतो, आणि ले ऑन हँड्सला (हात ठेवून जखम भरायला) पूर्वी अख्खी ॲक्शन जायची ती आता बोनस ॲक्शनमध्ये होते. खेळाच्या समतोलाचा विचार केला तर हे बरोबर आहे, एकाच टर्नमध्ये मोठा राक्षस आडवा झाला की बाकीचे चौघं नुसते बघत बसतात हे मीही टेबलावर बघितलंय. पण वार बसल्यावर, त्यातून क्रिटिकल (फाशावर वीस) आला की, "थांबा, स्माइट!" म्हणून ओरडायची जी मजा होती ती या बोनस ॲक्शनच्या हिशोबात खरंच कमी होते, आणि मला स्वतःला हा बदल आवडलेला नाही. अर्ध्या कॅम्पेनमध्ये तिच्या हातातनं हे काढून घेणं म्हणजे तिनं इतके दिवस खेळलेली बाईच बदलणं.

फायटरच्या बाबतीत मात्र मी पूर्ण तुझ्या बाजूनं. दहा लेव्हल झाल्या तरी "मी तलवार मारते, परत मारते" एवढंच करत बसायचं, तिकडं विझार्ड (जादूगार) डोंगर हलवतोय, हे दुखणं फार जुनं होतं. आता वेपन मास्टरीमुळं कुठलं हत्यार घेतलंय याला अर्थ आलाय, एकानं शत्रूला दहा फूट मागं ढकलता येतं, एकानं पाडता येतं, मोठी दुहाती तलवार असंल तर नेम चुकला तरी थोडं डॅमेज जातंच. हा नियम तुम्ही उद्यापासून जुन्या शीटवर घ्या, काहीही मोडत नाही, आणि पॅलाडिनलाही तो मिळतो हे तिला मुद्दाम सांग. दमणुकीचा नियम पण घ्या, जुना सहा पायऱ्यांचा तक्ता कोणाच्या लक्षात राहत नव्हता, आता प्रत्येक पायरीला वीस बाजूंच्या फाशातून दोन वजा आणि चाल पाच फुटांनी कमी, सहाव्या पायरीला मरण, संपलं. क्यूअर वूंड्स या जखम भरायच्या मंत्राला आठ बाजूंचा एक फासा होता तिथं दोन झालेत, तेही घ्या, बरं करणाऱ्याला पहिल्यांदाच आपण काहीतरी केलं असं वाटतं.

हाफ-एल्फवाल्याला म्हणावं घाबरू नको. नवीन हँडबुकात दहा प्रजाती आहेत, ऑर्क, गोलायथ, आसिमार आत आले आणि हाफ-एल्फ, हाफ-ऑर्क बाहेर गेले, पण जुन्या पुस्तकातली प्रजाती नवीन नियमात वापरायला कंपनीनंच मोकळीक दिलीय, फक्त तिच्यातून मिळणारे जादा गुणांक (ताकद, बुद्धी यांचे आकडे) सोडून द्यायचे कारण ते आता बॅकग्राउंडमधून, म्हणजे पात्राच्या आधीच्या धंद्यातून, येतात. बॅकग्राउंडबद्दल माझं मत जरा कडक आहे. पुस्तकात सोळा दिलेत, आणि प्रत्येकाला ठरलेले तीनच गुण. व्यापारी घेतला तर कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा), इंटेलिजन्स, करिष्मा. म्हणजे तुझ्या जगात एखादी अडत्याची पोरगी असंल, लहानपणापासून बापाच्या गोदामात हळदीची पोती उचलून उचलून दंड कमावलेली, तर पुस्तकाच्या हिशोबानं तिला स्ट्रेंग्थ (ताकद) मिळणारच नाही! असं कुठं असतंय? पुस्तकातनं आलेलं कॅरेक्टर आणि मार्केट यार्डातनं आलेलं कॅरेक्टर यातला फरक इथंच पडतो. उपाय आहे, पण तो प्लेअरच्या पुस्तकात न ठेवता डीएमच्या पुस्तकात ठेवलाय : तीन गुण, एक फीट (खास कसब), दोन स्किल आणि एक टूल ठरवायचं, की झालं आपलं स्वतःचं बॅकग्राउंड. पुढच्या कॅम्पेनला आधी हेच काम कर, हळदीचा अडत्या, पेव काढणारा, नावाडी, नाटक कंपनीतला नट, सगळे बनव.

कंपनीचं म्हणशील तर तुझा राग योग्य आहे. जानेवारी २०२३ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्टच्या नवीन लायसनचा मसुदा फुटला, २००० सालापासून ज्या खुल्या लायसनवर लहान लहान प्रकाशकांनी पुस्तकं काढली होती तेच बदलायला निघाले होते, जगभर खेळणाऱ्यांनी आवाज उठवला आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेला कंपनीनं माघार घेऊन मूळ नियमांचा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये टाकला, तो आता परत घेता येत नाही. एप्रिल २०२५ मध्ये नव्या नियमांचाही दस्तऐवज तसाच खुला झाला. म्हणून नवीन नियम खेळायला पैसे द्यायलाच पाहिजेत असं नाहीये. निघालं तेव्हा एका पुस्तकाची अमेरिकेतली किंमत ४९.९९ डॉलर होती, तीन मुख्य पुस्तकं म्हणजे दीडशे, इतके पैसे पाच जणांनी पाच वेळा घालायची काहीही गरज नाही, मित्रानं आणलेलं एक पुस्तक आहे ना तेवढं ग्रुपला बास.

आणि हे भांडण तुमच्याच टेबलावर आलंय असं समजू नका. २००८ ला चौथी आवृत्ती आली तेव्हा इतके जण नाराज झाले की २००९ ला पायझो कंपनीनं जुन्या साडेतीन आवृत्तीच्या नियमांवर पाथफाइंडर हा खेळ काढला आणि माणसं गठ्ठ्यानं तिकडं गेली, टेबलंच्या टेबलं फुटली. यावेळचा बदल तेवढा मोठा नाही, जुने अॅडव्हेंचर नवीन नियमांवर चालतात, म्हणून तुमचं टेबल फुटायचं कारण नाही. पुण्याच्या मित्राला एक काम दे : त्यानं नवीन पुस्तकातून एकाच रात्रीत संपंल असं छोटं साहस लिहावं आणि त्या रात्री डीएम त्यानं व्हावं, तू खेळाडू म्हणून बस. तू स्वतः नवीन फायटर खेळून बघ. पॅलाडिनवालीनं मंक (हातापायांनी लढणारा साधू) घ्यावा, मंक या आवृत्तीत फार सुधारलाय.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीला आहे. सुट्टीत मित्रांना घेऊन दार लावून बसतो, फासे टाकल्याचे आवाज येतात, मधेच ओरडतात. विचारलं तर गेमची नवीन एडिशन आलीय म्हणतो. जुगार तर नाही ना?
— एक आई, सातारा

उत्तर : काकू, हा वरच्या पत्रातलाच डी अँड डी असावा, जुगार नाही, यात पैसे लावत नाहीत आणि कोणी जिंकत-हरत पण नाही. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात, पात्रानं काही अवघड करायचं ठरवलं की जमलं का नाही ते फाशावर. विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला सांगलीत नाटक उभं केलं तेव्हा सूत्रधार गोष्ट पुढं न्यायचा आणि पात्रं आपली भाषणं बरीचशी आयत्या वेळी बोलायची, पोरं आत तेच करतायत असं समजा. हा खेळ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढला. तिकडच्या आईवडिलांनाही १९८० च्या दशकात भीती वाटलीच होती, सैतानाची पूजा करतात म्हणून एवढी ओरड झाली की १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत डेमन आणि डेव्हिल ही नावंच बदलून टाकली, पुढं ती परत आली. तुम्ही एकदा आत जाऊन बसा, पोहे नेलेत तर कोणी नाही म्हणणार नाही, आणि त्याला विचारा तुझं कॅरेक्टर कोण आहे. मग तुम्हाला उठू देणार नाही तो. रात्री किती वाजेपर्यंत खेळायचं हे मात्र तुम्हीच ठरवून द्या.

प्रश्न : आम्ही तासगावचे चौघं, पुस्तकाला पैसे नाहीत, आणि एकाला इंग्रजी जड जातं. डी अँड डीची जुनी आवृत्ती शिकावी का नवी?
— बारावीचा विद्यार्थी

उत्तर : तुम्हाला जुनी सवय नाही म्हणून सरळ नवी शिका. कंपनीच्या साइटवर फ्री रूल्स आहेत, त्यात लेव्हल एकपासून खेळता येतं. फासे नसले तर मोबाइलवर डाइसचं ॲप घ्या. आणि इंग्रजीचं म्हणशील तर वर लिहिलेला खुला दस्तऐवज, आवृत्ती ५.२, क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ज्या लायसनवर आहे त्यात भाषांतर करायला, वाटायला, अगदी विकायलाही परवानगी आहे, फक्त मूळ श्रेय द्यायचं, ते कसं द्यायचं तो मजकूर दस्तऐवजाच्या सुरुवातीलाच आहे. चौघांनी वाटून घ्या. आधी लढाईचा भाग करा कारण पहिल्याच दिवशी तोच लागतो, मग फायटर आणि रोग (म्हणजे चोरटं पात्र), स्पेलची यादी सगळ्यात शेवटी, ती फार लांब आहे. झालं की मला पाठवा, मला खरंच वाचायचंय.