गप्प झालेला दयाळ आणि मे महिन्यातली छाटणी

मार्चपासून रोज पहाटे गच्चीच्या कठड्यावर गाणारा दयाळ पक्षी ऑगस्टपासून ऐकू येत नाही, तो मेला असेल का, आणि मोबाईलवर त्याचाच आवाज लावून त्याला बोलवावे का, असे आपण विचारले आहे. ही काळजी मी पूर्वी केलेली असल्याने सविस्तर लिहितो.

पक्षी बहुधा तिथेच आहे. दयाळाची वीण साधारण मार्च ते जुलै या काळात होते. दिवस मोठा होऊ लागला की नराच्या शरीरातील संप्रेरके वाढतात, आणि हद्द राखण्यासाठी व मादीसाठी तो गाऊ लागतो. वीण आटोपली की जुनी पिसे झडून नवी येतात आणि त्या काळात तो झुडपांच्या आडोशाने, फार तर अधूनमधून कर्कश ‘चर्र’ करत वावरतो. कॅनरी पक्ष्याच्या मेंदूतील गाण्याची केंद्रे वसंतात मोठी होतात आणि शरदात आक्रसतात, हे फर्नांडो नॉटेबोम यांनी १९८१ मध्येच दाखवून दिले होते. आवाज मात्र कृपया लावू नका; विणीच्या दिवसांत तो ऐकून नर प्रतिस्पर्धी समजून धावत येतो आणि चाऱ्याचा वेळ भांडणात घालवतो.

खरी चिंता वेगळी आहे. आपल्या सोसायटीने गुलमोहराच्या छाटणीसाठी अर्ज केल्याचे आपण ओझरते लिहिले आहे. दयाळ झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या भोकात घरटे करतो आणि पावसाळापूर्व छाटणी नेमकी एप्रिल-मे महिन्यांत होते. आमच्याकडे ढोलीत मादी ये-जा करत असल्याचे छाटणीच्या कार्यालयाला लेखी कळवले, तर तिथून ‘पक्ष्यांचा विषय आमच्याकडे नाही’ असे उत्तर मिळाले. ज्यांच्याकडे तो विषय होता त्यांनी ‘झाड आमच्या हद्दीत नाही’ म्हणून कागद परत पाठवला. टोलवाटोलवी संपण्याआधीच फांदी पदपथावर आली. ढोलीत गवत, बारीक मुळे, केस आणि तपकिरी ठिपक्यांची निळसर-हिरवी अंडी होती, त्यांतली बहुतेक फुटलेली. अर्जाच्या नमुन्यात वाहनांना होणाऱ्या धोक्याचा रकाना असतो, घरट्याचा नसतो, याचा मला आजही संताप येतो.

मी वकील नाही, तरीही वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी विस्कटणेही येते, हे अर्जात जरूर लिहा. धोकादायक फांदी तोडावीच लागते, हे मला मान्य आहे. पण ते काम डिसेंबर-जानेवारीत उरकता येते आणि वाळकी पण भक्कम ढोली राखताही येते. म्हणून सोसायटीच्या समितीला आत्ताच गाठा, ढोलीचे छायाचित्र जोडा आणि अर्ज छाटणीच्या आणि पक्ष्यांचा विषय पाहणाऱ्या अशा दोन्ही कार्यालयांत एकाच दिवशी देऊन शिक्क्यानिशी पोच घ्या.