लेव्हल संपल्यानंतरची जर्मन

प्रिय विद्यार्थिनीस,

जर्मनची बी-टू ही लेव्हल झाली, बी.ए.चं शेवटचं सत्र उरलंय, आणि आता जर्मनमध्ये एम.ए. करावं का, करायचं तर पुण्यात की तिकडे जाऊन, असं तू विचारलंस. शेवटच्या ओळीत बाबांचाही प्रश्न घातलास, जरा लाजत: "पण त्याचं पुढे होणार काय?" त्यात लाजण्यासारखं काही नाही, तुझ्या पत्रातला सगळ्यात रोखठोक प्रश्न तोच आहे. त्याचं उत्तर मात्र थोडं मागून देते. आधी तू शिकणार काय आहेस ते बोलू.

आपल्याकडे जर्मन शिकणाऱ्यांना लेव्हल मोजायची सवय लागते. ए-वनपासून सी-टूपर्यंत सहा पायऱ्या: ए-वन झालं, बी-वन झालं, आता किती उरलं. क्लासपुरतं ते ठीक. परीक्षा असते, फी भरलेली असते, सर्टिफिकेट मिळतं. पण विद्यापीठातल्या जर्मनिस्टिकमध्ये, म्हणजे जर्मन भाषा-साहित्याच्या अभ्यासात, सी-वन ही नुसती आत यायची अट असते. तिथे पोचल्यावर तुझं व्याकरण चांगलं आहे म्हणून कुणी पाठ थोपटत नाही. तो धक्का तुझ्यासारख्या हुशार मुलींना जास्त बसतो, कारण तोवर त्यांना शाबासकी मिळाली ती बिनचूक वाक्यांसाठी.

फरक कशात आहे, एका गोष्टीवरून सांगते. वोल्फगांग बोर्शर्टची ‘दास ब्रोट’ तू वाचली असशील, १९४६ सालची, जेमतेम दोन पानांची. रात्री अडीच वाजता बाईला जाग येते, शेजारी नवरा नाही. स्वयंपाकघरात तो उभा असतो, टेबलावर पावाचे कण, बाजूला सुरी. तो म्हणतो, काहीतरी आवाज आला म्हणून उठलो. तिला सगळं कळतं, तीही म्हणते, हो, मलाही आवाज आला. दुसऱ्या दिवशी ती आपल्या वाटणीचा एक तुकडा त्याच्या पुढे सरकवते आणि म्हणते, मला हा पाव नीट पचत नाही.

बी-टूच्या पेपरात विचारतील: नवरा खोटं का बोलला? तू लिहिशील, त्याला लाज वाटली. पूर्ण गुण. सेमिनारमधला प्रश्न वेगळा असतो. या गोष्टीत युद्धाचा एक शब्दही नाही, असं का? वाक्यं इतकी आखूड, इतकी कोरडी का? पाव मोजून मिळायचा त्या काळात एका तुकड्याची किंमत काय होती? आणि मग मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतं, एकोणचाळीस वर्षं संसार केलेला हा माणूस १९३३ ते १९४५ काय करत होता? त्याबद्दल लेखक गप्प आहे, ते गप्प राहणं आपण कसं वाचायचं? शेवटच्या प्रश्नावर वर्गात भांडण होतं. व्हायलाच हवं. बोर्शर्ट स्वतः रशियन आघाडीवर जाऊन आलेला, तुरुंग भोगलेला, आजारानं खचलेला, आणि २६व्या वर्षी, १९४७ साली गेला. त्याच्याकडून कसला हिशेब मागायचा आणि कसला नाही, हे ठरवायला शब्दकोश पुरत नाही.

म्हणून प्रवेशाआधीच्या या चार-सहा महिन्यांत मोठ्या कादंबऱ्यांच्या मागे लागू नकोस. दोन-तीन पानांचा मजकूर घे, काफ्काचे छोटे तुकडे घे, ब्रेख्टच्या कॉयनर महाशयांच्या गोष्टी घे. एक मजकूर आठवडाभर पुरव. दर वेळी वहीत एकच गोष्ट लिही: आज मला काय खटकलं. जे समजलं ते लिहू नकोस, त्याची कुणाला गरज नसते. रेक्लाम या प्रकाशनाची पिवळी पुस्तकं स्वस्त असतात, कुणी तिकडून येत असेल तर तीच मागव. चॉकलेटं इथेही मिळतात.

अभ्यासक्रमाचा आराखडा थोडक्यात सांगते, कारण तो प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे. जर्मनीत साधारण तीन अंगं असतात: भाषाशास्त्र, आधुनिक साहित्य आणि मध्ययुगीन साहित्य. तिसऱ्याचं नाव काढलं की आपली मुलं घाबरतात. घाबरू नकोस. साधारण १२००च्या सुमाराचं ‘नीबेलुंगेनलीड’ हे महाकाव्य आज जर्मन मुलांनाही सरळ वाचता येत नाही. आपण ज्ञानेश्वरीची ओवी वाचताना निम्मी कळते, निम्मी अंदाजानं धरतो, तेच त्यांचं होतं. या एका विषयात तू आणि ती मुलं जवळजवळ एकाच रेषेवरून सुटता, ही संधी समज.

आणि ‘जर्मन’ म्हणजे जर्मनी, हे डोक्यातून आत्ताच काढ. काफ्का प्रागचा. कवी पाउल सेलानचं जन्मगाव चेर्नोव्हित्स आज युक्रेनमध्ये आहे. त्याच्या आईवडिलांचा जीव ज्यांनी घेतला त्यांच्याच भाषेत त्यानं आयुष्यभर कविता लिहिली. ड्युरेनमाट स्विस, बाखमान ऑस्ट्रियन. एमिने सेवगी ओझदामार तुर्कस्तानात जन्मली, कामगार म्हणून बर्लिनला आली, आणि २०२२ साली तिला ब्यूखनर पुरस्कार हा जर्मन साहित्यातला मोठा मान मिळाला. ‘जर्मन संस्कृती’ म्हणजे बिअर, फुटबॉल आणि वेळेवर येणारी ट्रेन असं ज्यांना वाटतं त्यांनी यातलं काही वाचलेलं नसतं. ट्रेनमध्येही ते फारसे बसलेले नसावेत.

आता जरा अवघड विषय. जर्मनीबद्दल आपल्या घराघरांत दोन नावं माहीत असतात, संस्कृतचा अभ्यासक मॅक्स म्युलर आणि हिटलर. पहिल्यामुळे काका म्हणतात, बघ, त्यांना आपल्या संस्कृतची किंमत कळली. दुसऱ्यामुळे तेच काका म्हणतात, माणूस वाईट असेल, पण शिस्त होती. फुटपाथवर त्याचं पुस्तक राजरोस विकलं जातं. जर्मन शिकणारी म्हणून हे तुला इतरांपेक्षा जास्त ऐकावं लागेल, कधी कौतुकाच्या सुरात. तिकडे गेल्यावर एखादा वर्गमित्र विचारेल, तुमच्याकडे असं का? तेव्हा नुसतं ओशाळून चालणार नाही.

या दोन नावांमध्ये एक खरा धागा आहे, आणि तो महाराष्ट्रातून जातो. म्युलर डेसाउचा, कवी विल्हेल्म म्युलर यांचा मुलगा. सायणभाष्यासह ऋग्वेद छापायला त्यानं पंचवीस वर्षं दिली, १८४९ ते १८७४. भारतात मात्र तो कधी आला नाही. संस्कृत, ग्रीक, जर्मन या भाषांचं नातं दाखवणाऱ्यांत तो होता, आणि ‘आर्य’ हा शब्द युरोपात पसरवणाऱ्यांतही. पुढे लोक त्या शब्दाखाली भाषेऐवजी रक्त मोजू लागले, तेव्हा १८८८ साली त्यानंच बजावलं की आर्य वंश, आर्य रक्त असं बोलणं हे एखाद्या शब्दकोशाला लांब कवटी आहे म्हणण्याइतकं चुकीचं आहे. ऐकलं कुणी नाही.

चाळीस वर्षांनी बर्लिनच्या डालेम भागातल्या कैसर विल्हेल्म संस्थेत पुण्याची एक तरुण बाई खरोखरच्या कवट्या मोजत होती. इरावती कर्वे, पुढे मानववंशशास्त्रज्ञ आणि मराठी लेखिका म्हणून नावाजलेल्या. मार्गदर्शक ऑयगेन फिशर, वंशशास्त्रातलं त्या काळचं मोठं नाव. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक वंशाशी जोडता येतो, गोऱ्यांची बुद्धी त्यातून दिसते, असा त्यांचा कयास. इरावतीबाईंनी मोजमाप केलं, आणि तसा संबंध दिसत नाही असं प्रबंधात लिहिलं. जर्मनमध्ये, आपल्या परीक्षकासमोर. १९३० साली त्या परतल्या. त्याच संस्थेनं पुढे नाझींच्या वंशविचाराला शास्त्राचा मुलामा दिला. ती इमारत आजही उभी आहे आणि बर्लिनच्या फ्राय विद्यापीठाच्या वापरात आहे. गेलीस तर बघून ये.

हे इतकं लांबवलं, कारण तुझ्या प्रश्नाचं माझ्यापाशी असलेलं उत्तर इथेच आहे. इरावतीबाईंचा जर्मन प्रबंध मूळ भाषेत वाचेल आणि त्यांचं मराठी लेखनही मूळ भाषेत वाचेल, अशी माणसं जगात फार थोडी असणार. तू त्यांतली एक होऊ शकतेस. गटेवर काम करणारे तिथे शेकड्यांनी आहेत, ‘फाउस्ट’वर तुझ्या आधी दोनशे वर्षं लोक लिहिताहेत. पण ब्रेख्टचं ‘ड्रायग्रोशनओपर’ हे नाटक पु.लं.च्या हाती येऊन ‘तीन पैशाचा तमाशा’ झालं, तेव्हा १९२८चं बर्लिन कुठे गेलं आणि काय उरलं, हे विचारायला तमाशाचा कान लागतो. पूर्व जर्मनीतून आलेले दिग्दर्शक फ्रिट्स बेनेविट्स आणि विजया मेहता यांनी मिळून रंगभूमीवर जे केलं, त्यावर लिहायलाही दोन्हीकडचं वाचता आलं पाहिजे. कित्येक मुली जर्मन शिकता शिकता मराठी वाचणं सोडून देतात, आणि एम.ए.च्या शेवटी विषय नाही म्हणून माझ्याकडे येतात. तू ते करू नकोस.

इथे की तिथे? माझं मत विचारशील तर: साहित्यात खरोखर जीव असेल तर पहिलं वर्ष तरी इथे कर, पुणे विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मुंबई विद्यापीठात, कलिन्याला. दिल्लीचं जेएनयू आणि हैदराबादचं इफ्लू हे भाषांचं विद्यापीठही बघ. वाचायची बैठक इथे बसते, घरच्या जेवणावर. शिकवण्याकडे ओढा असेल तर मात्र ‘डॉइच आल्स फ्रेम्डश्प्राखे’ हा वेगळा विषय आहे, परक्या माणसाला जर्मन कसं शिकवायचं याचा. त्यासाठी लाइपझिगच्या हेर्डर इन्स्टिट्यूटसारखी जागा नक्की बघ.

तिकडचा खर्च: बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, पण बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपाबाहेरच्यांना सत्राला १५०० युरो पडतात. हायडेलबर्ग त्याच राज्यात आहे, नावाला भुलून अर्ज करण्याआधी बघ. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे राहण्याच्या खर्चाची रक्कम आधीच भरून ठेवायच्या खात्यात, वर्षाचे पैसे दाखवावे लागतात. २०२४च्या सप्टेंबरपासून हा आकडा ११,९०४ युरो झाला. आपल्या पदव्या-गुणपत्रिका तपासल्याचं एपीएसचं प्रमाणपत्र लागतं, त्याला वेळ लागतो, ते आधी सुरू कर. डाडची (DAAD, परदेशी विद्यार्थ्यांना मदत करणारी जर्मन संस्था) शिष्यवृत्ती मिळाली तर उत्तम, पण ती मिळणारच असं धरून बेत आखू नकोस.

तिथे गेल्यावर एक गोष्ट सांभाळ. सेमिनारमध्ये आपली मुलं गप्प बसतात. वाक्य मनात जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. अर्धवट वाक्यानं सुरुवात कर, ते थांबतात. व्याख्यान संपलं की टाळ्या न वाजवता बाकावर बोटांनी टकटक करतात, त्याला दचकू नकोस. आणि ‘सेमेस्टरफेरिएन’, म्हणजे दोन सत्रांमधला काळ, त्याला सुट्टी समजू नकोस. पंधरा-वीस पानांचे निबंध त्याच आठवड्यांत लिहायचे असतात, म्हणून प्राध्यापकांच्या भेटीची वेळ सत्र संपायच्या आत घेऊन ठेव.

आता बाबांचा प्रश्न. खरं ते सांगते. नुसत्या भाषांतरावर पोट भरण्याचे दिवस संपत आलेत. पत्रं आणि मशीनच्या माहितीपुस्तिका यांचं भाषांतर आता संगणकच करतो, माणसाला उरतं ते तपासणं, तेही कमी पैशांत. शिकवण्याची मागणी मोठी आहे आणि वाढतेय. नर्स, तंत्रज्ञ यांना तिकडे पाठवायचं तर आधी जर्मन लागतं, आणि महाराष्ट्र सरकारनं २०२४ साली बाडेन-व्युर्टेंबर्गशी त्यासाठी करारही केला. पण सरकारी धोरणावर आयुष्याचा पाया रचू नये. केंद्रीय विद्यालयांत तिसरी भाषा म्हणून आलेली जर्मन २०१४ साली भर सत्रात काढली गेली, तेव्हा शिकवणाऱ्यांची जी पंचाईत झाली ती आमच्या पिढीनं बघितली आहे. चाकणच्या कारखान्यांपासून आयटी कंपन्यांपर्यंत जर्मन येणारा माणूस लागतो, पण तिथे बहुधा जर्मनच्या जोडीला दुसरं काहीतरी यावं लागतं: हिशेब, खरेदी, सॉफ्टवेअरची चाचणी. तेव्हा बाबांना सांग, एम.ए.नंतर शिकवण्याचं काम मिळेल, सुरुवातीला पगार बेताचा असेल, पहिली काही वर्षं तासिका तत्त्वावर जाऊ शकतात. हे ऐकूनही ते हो म्हणाले तर तो होकार टिकेल. नाही म्हणाले तर मला फोन करायला सांग, पण माझ्याकडून गोड उत्तराची अपेक्षा ठेवू नका म्हणावं.

शनिवारी दुपारी घरी ये. प्रवेशाच्या अर्जासोबत लागणाऱ्या मोटिव्हेशन लेटरचा कच्चा मसुदा आण. पहिलंच वाक्य ‘लहानपणापासून मला जर्मन संस्कृतीचं आकर्षण आहे’ असं असेल, तर ते घरूनच खोडून ये. त्या जागी तुला ‘दास ब्रोट’मध्ये काय खटकलं ते लिही.

तुझी,
मॅडम