गिनीपिग लंगडतोय, काय करू?

प्रश्न : आमचा दीड वर्षाचा गिनीपिग ‘लाडू’ आठवडाभर मागचे पाय ओढतोय. उचललं की किंचाळतो. कालपासून गाजर-काकडीलाही तोंड लावत नाही. एरवी पोपटाचे दाणे आवडीने खातो. घरातलं उरलेलं अमॉक्सिसिलिन सिरप देऊ का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, ते सिरप अजिबात देऊ नका. या औषधाने गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, घातक जंतू माजतात आणि जनावर दगावू शकतं.

मला दाट शंका आहे ती क जीवनसत्त्वाच्या कमतरतेची. आपल्यासारखंच गिनीपिगलाही ते शरीरात बनवता येत नाही. मग सांध्यांत, हिरड्यांत रक्त झिरपतं. गेल्या पावसाळ्यात माझ्या दवाखान्यातल्या टेबलावर असाच एक आला होता. गुडघा बोराएवढा टरारलेला, बोट लागताच अंग चोरायचा. उपचारांनी सावरला, पण त्याला उशिरा आणलं याचं मला आजही वाईट वाटतं.

वजनाच्या दर किलोमागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागतं. दाणे बंद करा. ढोबळी मिरची, कोथिंबीर, पेरूची लहानशी फोड द्या. सुकं गवत मात्र चोवीस तास समोर हवं, कारण दात जन्मभर वाढत राहतात. पाण्यात क जीवनसत्त्वाचे थेंब टाकू नका, ते त्यात लवकर नष्ट होतं.

पण हे पुढचं. एक दिवस उपाशी राहिलेला गिनीपिग म्हणजे तातडीचा रुग्ण. आजच पशुवैद्याकडे निघा, आणि निघण्याआधी फोनवर विचारा, ‘तुम्ही गिनीपिग तपासता का?’