देहदानाचा अर्ज भरला, पुढे काय?

देहदानाबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. उत्तरे वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या अध्यापकांनी लिहिली आहेत.

दहा वर्षांपूर्वी आम्ही पतिपत्नींनी देहदानाचे अर्ज भरले. कार्डे कपाटात आहेत. अजून काही करायचे राहते का? — एक वाचक, सातारा

सर्वांत महत्त्वाचे काम राहते. अर्जातून तुमची इच्छा कळते, पण मृत्यूनंतर देह ताब्यात असतो तो नातेवाइकांच्या. ते नको म्हणाले तर कुठलेही महाविद्यालय आग्रह धरत नाही. उलट अर्ज भरलेला नसताना घरच्यांनी ठरवले, तर बहुतेक ठिकाणी देह स्वीकारतात. तेव्हा मुले, सुना, जावई, भाऊ-बहिणी यांना एकदा एकत्र बसवून स्पष्ट सांगा. नकार बहुधा घराबाहेर राहणाऱ्या आणि आधी काहीच माहीत नसलेल्या नातेवाइकाकडून येतो. त्या गर्दीत, त्या दुःखात वाद घालण्याचे बळ कोणात नसते.

कार्डे कपाटातून बाहेर काढा. त्यांवरचा दूरध्वनी आजही लागतो का, ते पाहा. विभागाचा क्रमांक फक्त कार्यालयीन वेळेत उचलला जातो, म्हणून रात्री आणि सुट्टीच्या दिवशी कोणाला फोन करायचा, तेही विचारून लिहून ठेवा. गाव बदलले असेल तर जुन्याच महाविद्यालयात देह न्यायला हवा असे नाही. जवळच्या महाविद्यालयाची चौकशी आताच करून ठेवा.

मृत्यू घरीच झाला तर पहिल्या काही तासांत नेमके काय करावे? — एक वाचक, चिपळूण

सर्वांत आधी नेहमीच्या डॉक्टरांना बोलवा. मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. घरी झालेल्या मृत्यूसाठी ते नमुना ४ अ मध्ये देतात, रुग्णालयातल्या मृत्यूसाठी नमुना ४ मध्ये. घोडे इथेच अडते. शेवटच्या आजारात कोणी तपासलेलेच नसेल, तर डॉक्टर कारण लिहून देत नाहीत, आणि त्या कागदाशिवाय महाविद्यालय देह घेत नाही. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना डॉक्टरांनी अधूनमधून येऊन पाहणे म्हणूनच गरजेचे.

डॉक्टर येईपर्यंत दुसऱ्याने महाविद्यालयाला फोन करावा. मृताचे आणि सही करणाऱ्या नातेवाइकाचे आधारकार्ड, त्यांच्या दोन-दोन प्रती आणि अर्जाची प्रत एका पिशवीत ठेवा. शववाहिका महाविद्यालय पाठवते की आपण करायची, हे त्याच फोनवर विचारा. जागोजागी पद्धत वेगळी असते.

साधारण ६ तासांत देह पोहोचावा, उन्हाळ्यात त्याहूनही लवकर. रक्त गोठत जाते आणि आतड्यांतले जिवाणू पसरू लागतात. मग देह टिकवण्यासाठी रक्तवाहिन्यांतून सोडलेले द्रव्य सगळीकडे पोहोचत नाही. उशीर अटळ असेल तर देह शीतपेटीत ठेवा आणि तसे महाविद्यालयाला कळवा.

नेत्रदानही करायचे असेल तर डोक्यावरचा पंखा बंद करा, कारण वाऱ्याने बुबुळावरचा पारदर्शक पडदा सुकतो. पापण्या मिटा, त्यांवर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या. नेत्रपेढीचे पथक घरी येते, पाऊण तासात सगळे उरकते आणि देहदानाला त्याचा अडथळा होत नाही.

आमच्या वडिलांचा देह महाविद्यालयाने नाकारला. त्यांनी मूत्रपिंडेही देण्याची इच्छा लिहिली होती. दोन्ही जमत नाही का? — एक वाचक, नागपूर

बहुतेक वेळा जमत नाही, आणि त्याचे कारण जतनाच्या पद्धतीत आहे. देह टिकवण्यासाठी मांडीतली किंवा मानेतली धमनी उघडून तिच्यातून आठ-दहा लिटर द्रव्य दाबाने सोडतात. त्यात फॉर्मॅलिन असते, जोडीला ग्लिसरीन आणि अल्कोहोल. शरीरातल्या रक्तवाहिन्यांचे जाळेच ते द्रव्य बोटांच्या टोकांपर्यंत नेते. अवयव काढताना मोठ्या रक्तवाहिन्या कापल्या जातात, मग द्रव्य वाटेतच गळते आणि पुढचा भाग कुजू लागतो. शवविच्छेदन झालेल्या देहाचेही तसेच होते. अपघात, आत्महत्या, भाजणे, सर्पदंश अशा मृत्यूंत पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन होते, त्यामुळे देहदान तिथेच थांबते.

एचआयव्ही, कावीळ ब आणि क, सक्रिय क्षयरोग असेल तरही नकार मिळतो, कारण देह जतन करणाऱ्या कर्मचाऱ्याला संसर्गाचा धोका असतो. शय्याव्रण (सतत अंथरुणात पडून झालेल्या जखमा) चिघळून रक्तात जंतू पसरले असतील तर देह टिकत नाही. वय मात्र आड येत नाही. नव्वदीतले देह आम्ही आदराने स्वीकारतो. मधुमेह, रक्तदाब, जुनी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांनीही काही बिघडत नाही.

मूत्रपिंड, यकृत, हृदय ही इंद्रिये मृत्यूनंतर सहसा मेंदूमृत (मेंदूचे काम कायमचे थांबलेल्या, पण हृदय यंत्राच्या आधाराने चालू असलेल्या) रुग्णाच्या शरीरातूनच मिळतात, आणि अशी वेळ क्वचित येते. ती आली तर आधी अवयवदान करा, आमचे मत ठामपणे तसेच आहे, कारण तिथे कोणाचा तरी जीव वाचतो. इतर वेळी नेत्रदान आणि देहदान. हाच क्रम इच्छापत्रात लिहून ठेवा.

मुलगा अमेरिकेत आहे. तो येईपर्यंत थांबता येईल का? — एक वाचक, पुणे

तो पोहोचायला किमान दीड-दोन दिवस लागतात आणि तोवर देह विच्छेदनाला योग्य राहीलच असे नाही. त्याने लेखी संमती आजच देऊन ठेवावी. अर्जावर इथल्या पुतण्याची, भाचीची साक्षीदार म्हणून सही घ्या. परदेशातून ईमेलने आलेली संमती चालते का आणि प्रत्यक्ष सही कोणत्या नात्याची लागते, हे महाविद्यालयाकडून लेखी घ्या. अंत्यदर्शन त्याला व्हिडिओवरून घडवता येते.

आता संगणकावर त्रिमितीय शरीर दिसते. मग मुलांना खरा देह कशाला लागतो? — एक वाचक, औरंगाबाद

पडद्यावरचे शरीर एकाच नमुन्याचे असते, माणसे मात्र तशी नसतात. पित्ताशयाला रक्त नेणारी धमनी सहसा यकृताच्या उजव्या धमनीतून निघते, पण पुष्कळांत ती दुसरीकडून येते किंवा दुहेरी असते. हे ज्याने हाताने सोडवून पाहिलेले नाही, तो पुढे दुर्बिणीतून पित्ताशय काढताना भलतीच नळी कापू शकतो. मांडीमागे उतरणारी सायटिक नस काहींत नितंबातच दुभंगते. नितंबावर इंजेक्शन वरच्या बाहेरच्या चतुर्थांशातच का द्यायचे, हे विद्यार्थ्याला ती नस डोळ्यांनी पाहिल्यावर जन्मभर लक्षात राहते. शिवाय बोटांना कळावे लागते: धमनी रबरी नळीसारखी, शीर मऊ आणि चपटी, नस दोरीसारखी घट्ट. संगणक उजळणीला उत्तम आहे, तो जरूर वापरावा.

कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात १८३६ साली मधुसूदन गुप्त यांनी विच्छेदन केले तेव्हा समाजाचा रोष मोठा होता. पुढे आपल्याकडे १९४९ चा शरीररचना कायदा आला आणि बेवारस देह महाविद्यालयांना मिळू लागले. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या डॉक्टर शिकले ते ज्यांना कोणी विचारले नाही अशा गरिबांच्या देहांवर. हे आम्हाला डाचते. परभणीच्या मुलखातून आलेल्या नानाजी देशमुखांचा देह २०१० साली त्यांच्याच इच्छेनुसार दिल्लीच्या एम्सला दिला गेला. स्वतःहून दिलेल्या अशा देहासमोर उभे राहताना विद्यार्थ्याचे वागणे बदलते. पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमातच आता देहाशी आदराने वागण्याचा भाग आहे.

देहाचे पुढे काय होते? अस्थी परत मिळतात का? मृत्यूची नोंद कशी करायची? — एक वाचक, मडगाव

विच्छेदन वर्षभर तरी चालते. काही हाडे आणि अवयव शिकवण्यासाठी जपले जातात, उरलेल्याचा अंत्यविधी करतात किंवा दहनभट्टीत विल्हेवाट लावतात. अस्थी मिळतील असे धरून चालू नका. त्या हव्याच असतील, तर अर्ज भरण्यापूर्वी विचारा. दहावे-तेरावे घरी करायला कसलीच आडकाठी नाही.

नोंदीत मात्र चूक होते. एरवी स्मशानातल्या पावतीवर काम भागते, इथे ती नसते. देह स्वीकारल्याचे महाविद्यालयाचे पत्र त्याच दिवशी मागून घ्या, त्यावर नाव आधारकार्डाप्रमाणे आहे ना ते तपासा, आणि डॉक्टरांच्या प्रमाणपत्रासह २१ दिवसांच्या आत नगरपालिकेत किंवा पंचायतीत द्या. मुदत उलटली की विलंब शुल्क आणि वरिष्ठांची परवानगी लागते, आणि तोवर बँक आणि विम्याची कामे अडून राहतात.