रॅम भरपूर असताना कॅश कशाला?

प्रश्न : शिवाजी उद्यमनगरात आमचे लेथचे वर्कशॉप आहे. ड्रॉइंगसाठी संगणक घ्यायचा आहे. दुकानदाराने दाखवलेल्या दोन्ही प्रोसेसरांचे गिगाहर्ट्झ सारखेच आहेत. पण ज्याची कॅश मेमरी जास्त, तो महाग आहे. १६ जीबी रॅम असताना या थोड्याशा मेगाबाइटांनी काय साधते?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरची सेकंदाला ३ अब्ज आवर्तने, म्हणजे कामाचे ठोके, होतात, मात्र रॅमकडे मागितलेली संख्या हाती यायला साधारण ६० ते १०० नॅनोसेकंद (सेकंदाचे अब्जावे भाग) लागतात आणि तेवढ्यात दोनशे-तीनशे आवर्तने निघून जातात. आपला कारागीर पाना आणि व्हर्नियर लेथशेजारीच ठेवतो, दर मापाला उठून स्टोअरमध्ये जात नाही. कॅश म्हणजे प्रोसेसरमध्येच असलेली छोटी, वेगवान मेमरी; तिचे काम तेच आहे. तिच्या पहिल्या पातळीतून, म्हणजे एल-१ मधून, माहिती चार-पाच आवर्तनांत मिळते. एल-२ आणि एल-३ क्रमाने मोठ्या, पण संथ असतात.

सगळी रॅमच अशी का करत नाहीत, असे आपल्या मनात येईल. कॅशमध्ये एक बिट साठवायला सहसा सहा ट्रान्झिस्टर लागतात, तर रॅममध्ये एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर पुरतो. शिवाय साठा वाढला की शोधायलाही वेळ लागतो.

मला यातली सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. प्रोसेसरने एक संख्या मागितली तरी कॅशमध्ये बहुधा सलग ६४ बाइट, म्हणजे चार बाइटांच्या सोळा संख्या, एकदम येतात, कारण आत्ता लागलेल्या माहितीच्या शेजारची माहितीही लवकरच लागेल, असा अंदाज त्यामागे असतो. म्हणूनच ओळीनुसार साठवलेल्या मोठ्या तक्त्याची बेरीज ओळीने केली तर झपाट्याने होते आणि तीच स्तंभाने केली तर रेंगाळते, कारण आणलेल्या सोळांपैकी एकच संख्या वापरून पुढे जावे लागते. केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी १९६५ मध्ये अशा मेमरीची कल्पना मांडली आणि आयबीएमने १९६८ मध्ये जाहीर केलेल्या सिस्टिम ३६० मॉडेल ८५ या संगणकात ती प्रत्यक्षात आली.

आपले काम साध्या द्विमितीय ड्रॉइंगचे असेल, तर जादा कॅशसाठी पैसे मोजण्याची गरज मला दिसत नाही. शेकडो भागांची त्रिमितीय जोडणी असेल तर फरक पडू शकतो. तेव्हा आपली सर्वांत जड फाइल नेऊन दोन्ही संगणकांवर दुकानातच उघडून पाहावी.